सरसेनापतीची सही

नगर, ६ जानेवारी २०२५

गोरक्षा,

नवीन वर्ष लागल्यापासून तुला सात वेळा फोन केला आणि सातही वेळा तू तो कापलास. शेवटी चांगुणावहिनींच्या फोनवर केला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचा फोन आता मानसांसाठी न्हाई. कोनाचा फोन आला की त्यांची लढाई थांबती, आन् मग दिसभर घरात लढाई हुती." म्हणून हे पत्र. बजरंग रोज सकाळी तुमच्या हिंगणमळ्याचं दूध टँकरने नगरला आणतो आणि दुपारी रिकामा परत जातो. त्याच्या हातात देतो आहे. कोर्टातल्या नोकरीत जन्मभर लोकांना समन्स पाठवली, आता निवृत्तीनंतर शाळेतल्या दोस्ताला पाठवायची पाळी आली.

मी हे काय ऐकतोय? अकरा वर्षं दूध संस्थेचा चेअरमन राहिलेला माणूस एकसष्टाव्या वर्षी मोबाईलवर किल्ले बांधतो? सहादेवने तुझे संचालक अलिबागला सहलीला नेले, परत आणले ते थेट अविश्वास ठरावाला, आणि तुझी खुर्ची त्याच्याकडे गेली. त्याला दोन वर्षं झाली. मला वाटत होतं तू घरात बसून दुःख करतोस. तू तर राज्य करतोयस म्हणे.

माझी नात तमन्ना कॉम्प्युटरचं शिकते. तिला विचारलं की हा खेळ काय प्रकरण आहे. ती म्हणाली, "नाना, हे खेळ बनवणारे फार हुशार असतात. कुणाला मारामारी हवी असते, कुणाला नुसतं घर सजवायचं असतं, कुणाला सगळं जमवून ठेवायचं असतं. ज्याला जे कमी असतं ते त्याच्यापुढे ठेवतात." मी तिला म्हटलं, माझ्या मित्राला मारामारी येत नाही, शाळेत त्याच्या वाटची मीच केली. सजवायचं तर त्याला स्वतःच्या शर्टाचं बटणही लावता येत नाही. मग याला कशाची गोडी लागली?

खरं काय ते लिही. आणि वहिनींना तुझ्याशी काही महत्त्वाचं बोलायचं आहे. जेवताना तरी फोन खाली ठेव.

तुझा,
अल्लाबक्ष


हिंगणमळा, ता. श्रीगोंदा
दि. ९/१/२०२५
जा. क्र. १/२०२५
विषय : आपल्या दि. ६ च्या पत्रातील आरोपांबाबत.

प्रिय अल्लाबक्ष,

वरचं सवयीने लिहिलं गेलं. आता खोडत नाही, कागद घाण दिसतो.

पहिली गोष्ट, हा खेळ नाही. हा संघ आहे. आमचे चाळीस सभासद आहेत. त्यातला एक सुप्याच्या एमआयडीसीत आहे, एक ब्राझीलचा, सात-आठ व्हिएतनामचे, बाकीचे कुठले ते त्यांनाच माहीत. प्रत्येकाचा आपला किल्ला, आपलं धान्याचं कोठार, आपलं सैन्य. पोरं दिवसभर सैन्य वाढवतात आणि एकमेकांवर धावून जातात. मी अजून एकही लढाई केलेली नाही. मला त्यात रस नाही.

मी आत गेलो तेव्हा माझा नंबर एकतिसावा होता. तीन आठवड्यांत सरसेनापती झालो. कसा, ते ऐक. त्या संघाची स्थापनेपासून एकही सभा झालेली नव्हती! आधीचा प्रमुख व्हिएतनामचा. त्याला इतिवृत्त म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मी सात दिवस आधी नोटीस काढली, खाली विषयपत्रिका जोडली. मराठीत लिहिलं की मशीन आपोआप ज्याच्या त्याच्या भाषेत करून देतं. सभेच्या वेळी कुणी अंगठा पाठवला, ते मी मंजूर धरलं. कुणी हसरं तोंड पाठवलं, तेही मंजूर. ज्यांनी काहीच पाठवलं नाही त्यांचा विरोध नाही असं नोंदवलं. आठव्या विषयापर्यंत तो व्हिएतनामवाला स्वतःच पद सोडून गेला.

तू हसशील, हस. पण हिंगणमळ्यात मी रस्त्याने निघालो की लोकांना अचानक आपापल्या म्हशी आठवतात. इकडे ब्राझीलचा माणूस झोपेतून उठून आधी मला विचारतो, पाण्याच्या बाजूला बुरूज बांधू का? मी म्हणतो, रीतसर अर्ज कर. तो करतो. अल्लाबक्ष, दोन वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं रे.

सगळं काम कागदावर आहे. जाड पुठ्ठ्याची वही आणली, तिच्यात ठराव हाताने लिहितो आणि प्रत्येक ठरावाखाली 'सरसेनापती गोरक्ष' अशी सही करतो. खाली तलवारीसारखी रेघ. अर्जांच्या मंजुऱ्या धरून दिवसाला वीसेक सह्या होतात. चेअरमनकी गेल्यापासून हात आखडला होता, तो आता मोकळा झाला आहे.

चांगुणा काय बोलणार आहे ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही, त्या दिवशी सभा होती.

कळावे,
गोरक्ष शेलार


नगर, १७ जानेवारी

सरसेनापती साहेब,

तुझं पत्र तमन्नाला वाचून दाखवलं. ती हसून हसून लोळली. मग म्हणाली, "नाना, हा प्रकार पुस्तकात नाही. खुर्ची गेलेला माणूस." तिने माझ्या मोबाईलवर तो खेळ घालून दिला आणि तुझ्या संघात माझा अर्ज केला. म्हटलं, आत शिरून दोस्ताला कानाला धरून बाहेर काढावा. चार दिवस झाले, अर्ज 'प्रलंबित' दाखवतोय. कोर्टातली माणसं तरी तारीख द्यायची.

आता वहिनींचं ऐक, कारण तू त्यांचं ऐकत नाहीस म्हणून त्यांनी ते मला सांगितलं. दूध संस्थेची निवडणूक लागली आहे. नोटीस तुझ्याच घरासमोरच्या भिंतीवर चिकटवलेली आहे, फोनवरून डोळे काढलेस तर दिसेल. वहिनी महिला राखीव जागेवर उभ्या राहणार आहेत. कारण तुला माहीत आहे. सहादेवच्या भावाच्या दुधाला मशीनवर रोज फॅट लागते आणि चढा भाव मिळतो, आणि तुमच्या म्हशीचं दूध पाण्यासारखं निघतं. एकट्या तुमचंच नाही, जे सहादेवला रामराम घालत नाहीत त्या सगळ्यांच्या म्हशींचं दूध एका रात्रीत पातळ झालं आहे. वहिनी म्हणाल्या, "मशीन खोटं बोलत न्हाई भाऊजी, मशीनवरचा मानूस बोलतो. मला त्या मशीनपाशी उभं ऱ्हायचंय."

अर्जावर सूचक म्हणून एका सभासदाची सही लागते. अनुमोदक त्यांना मिळाली, शेजारची रुपाली. सूचक व्हायला मात्र कुणी तयार नाही, दुसऱ्या दिवशी आपल्या दुधाचं काय होईल याची भीती. तेव्हा सूचक तू आहेस. शुक्रवार, ३१ तारीख, दुपारी तीनच्या आत. त्यांनी तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलंय का, आठवून बघ.

तुझा प्रलंबित,
अल्लाबक्ष


हिंगणमळा, दि. २२/१/२०२५
जा. क्र. २/२०२५
विषय : सभासदत्व अर्ज व इतर.

प्रिय अल्लाबक्ष,

तुझ्या अर्जाला दोन जुन्या सभासदांची शिफारस नाही. नियम सगळ्यांना सारखा. दोस्त म्हणून तुला आत घेतला तर उद्या ब्राझीलवाला तोंडावर विचारेल.

इकडे आठवडाभर मोठी धामधूम होती. शेजारचा संघ आमचे सभासद फोडायला लागला. कुणाला सोनं दाखव, कुणाला पद दाखव. मला लगेच वास आला, कारण मी यातून गेलो आहे. सहादेवने माझं जे केलं तेच मी केलं. ठराव क्रमांक १७ मंजूर करून चाळीसच्या चाळीस सभासदांना सैन्यासह सहलीला नेलं. नकाशाच्या पार टोकाला एक तळं आहे, तिथे मुक्काम ठोकला. एकालाही फोडता आलं नाही! सकाळी पाहिलं तर आमचा मुख्य किल्ला ओस पडलेला, शत्रू नुसता चालत आत गेला आणि कोठारं जाळून निघून गेला. सुप्याचा पोरगा मला म्हणाला, "चेअरमन, किल्ला राखायला एक तरी मानूस ठेवायचा हुता." त्याला राजकारण कळत नाही. किल्ला काय, परत बांधता येतो. बहुमत आपल्याकडे राहिलं.

चांगुणाचं म्हणशील तर सही करतो, एका सहीचं काय एवढं. पण मी तिला म्हटलं, तुला सभेतलं काय कळतंय? तर म्हणाली, "अकरा वर्सं तुमच्या सभेचा चहा मीच केला. कोन काय बोललं, कोन गप बसलं, समदं ऐकलंय मी. तुमी फकस्त तुमचंच ऐकलं." यावर बोलण्यासारखं होतं, पण तेवढ्यात हल्ल्याची सूचना आली.

कळावे,
गोरक्ष


नगर, ३ फेब्रुवारी, दुपारी साडेबारा

गोरक्षा,

बजरंग खाली टँकरचं इंजिन चालू ठेवून उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. वहिनींचा आत्ताच फोन आला. त्या तुझ्याशी बोलत नाहीत, म्हणून मी लिहितो. आज सकाळी अर्जांची छाननी होती, तू तिथे नव्हतास. सहादेवने वहिनींच्या अर्जावर हरकत घेतली आहे. सूचकाची सही खोटी आहे, म्हणे.

तू काय करून ठेवलंस ते आठवतंय का? वहिनी सांगतात, शुक्रवारी तू डाव्या हातात मोबाईल धरून, त्याच्याकडे बघत उजव्या हाताने सही केलीस. संस्थेच्या सभासद नोंदवहीत तुझी सही आहे 'गो. रा. शेलार'. अर्जावर आहे 'सरसेनापती गोरक्ष'. खाली तलवार! मी जन्मभर कोर्टात सह्या जुळवल्या, पण अशी कधी पाहिली नाही.

निवडणूक अधिकारी पंकजा मॅडम म्हणून आहेत. बाई सरळ दिसतात, त्यांनी लगेच अर्ज उडवला नाही. हरकतीला उत्तर द्यायला उद्या सकाळी अकरापर्यंत वेळ दिला आहे. आता मी सांगतो ते नीट वाच. नुसतं "सही माझीच" म्हणून भागणार नाही, नोंदवहीत वेगळी सही आहे. तू ३१ तारखेच्या आधीपासून अशीच सही करतोस हे दाखवावं लागेल, आणि ते दाखवणारा कागद जगात एकच आहे. तुझी ती वही घेऊन संस्थेच्या ऑफिसात जा आणि मॅडमच्या समोर ठेव.

सहादेव तिथे असणार, गावही असणार. मला माहीत आहे मी काय मागतोय ते. तरी जा.

अल्लाबक्ष


हिंगणमळा, ४ फेब्रुवारी, सकाळी

अल्लाबक्ष,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. चांगुणा जेवण वाढून आत निघून गेली. मी फोन बंद करून बसलो होतो, ते तिने पाहिलंही नाही.

मला हे जमणार नाही. तू म्हणशील एक वही तर दाखवायची. ज्या टेबलामागे अकरा वर्षं बसलो, त्या टेबलासमोर उभा राहू? सहादेव शेजारी उभा असताना ती वही उघडू? तिच्यात काय काय लिहिलंय ते मला माहीत आहे. घोडदळाला पगारवाढ. किल्ल्याच्या भिंतीला रंग देणे. ब्राझीलच्या माणसाला समज देणे. गाव माझं तोंड बघून हसेल, आणि मी मरेपर्यंत हसत राहील. माझ्याकडे आता एक नावच राहिलंय रे, लोक अजून तोंडदेखलं का होईना, चेअरमन म्हणतात. उद्यापासून सरसेनापती म्हणतील, पोरंटोरं मागे लागतील.

तिला पाच वर्षांनी पुन्हा उभं राहता येईल. मी लाचार आहे, मला माफ कर. तिला तूच समजावून सांग, तुझं ती ऐकते.

गोरक्ष


हिंगणमळा, ६ फेब्रुवारी

अल्लाबक्ष भाऊजींना चांगुणाचा नमस्कार.

सातवीनंतर पत्र लिहिलं नव्हतं, चुका पोटात घाला. ह्यांनी मंगळवारी सकाळी बजरंगच्या हाती तुम्हाला काय लिहून दिलं ते मला माहीत आहे. बजरंगनेच सांगितलं, "वैनी, चेअरमन रडत लिवत हुते." तेव्हा मी आशा सोडून, ह्यांच्या डोळ्यांदेखत एकटीच ऑफिसात गेले. म्हटलं, अर्ज जाईल तर जाईल, पण आपण तिथे उभं राहून तो जाताना बघायचा.

ऑफिसात पन्नास-साठ माणूस होतं. अकराला पाच मिनिटं कमी असताना मॅडमनी पेन काढलं. सहादेव म्हणाला, "लिवा मॅडम, सूचक हजर न्हाई." तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली. हे आले, धुवट शर्ट घालून, काखेत टॉवेलात गुंडाळलेली वही. माझ्याकडे बघितलं नाही. सरळ टेबलापाशी गेले आणि वही मॅडमसमोर ठेवली.

मॅडमनी पहिलं पान उघडलं आणि त्यांना काही कळेना. मग तपासायचं म्हणून मोठ्याने वाचायला लागल्या. घोडदळ, बुरूज, कोठार. पहिल्या ठरावाला लोक दबकत हसले, तिसऱ्याला भिंतीला टेकून हसले. सहादेव म्हणाला, "चेअरमन, सैन्य कुठं बांधलंय, गोठ्यात का?" ह्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण सगळ्यांसमोर कसा धरणार.

मग मॅडम सतराव्या ठरावाला आल्या. विरोधी पक्ष सभासद फोडत असल्याने सर्वांना तळ्याकाठी सहलीस नेण्यात यावे. हे वाचलं आणि भाऊजी, हसणं एकदम थांबलं. सगळ्यांची मान हळूहळू सहादेवकडे वळली. मागून कुणीतरी म्हणालं, "अलिबागला का?" आणि मग जे हसू फुटलं ते सहादेववर. त्याला कुठं बघावं कळेना. ते अलिबाग गावात कुणी विसरलं नव्हतं, फक्त दोन वर्षं कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

हे तेव्हा बोलले. आवाज मोठा केला नाही. म्हणाले, "हासा. पोट भरून हासा, मीबी हासतो. मला कोन इचारत न्हाई म्हनून मी मोबाईलमदी राज्य केलं. पन सही माझी हाय आन् बायकोचा सूचक मीच हाय." मॅडमनी त्यांच्याकडून तीन वेळा सही करून घेतली. तिन्ही वेळा तलवार आली. वहीवर तारखा होत्याच. अर्ज मंजूर झाला.

मग आम्ही दोघं घरी निघालो. ओढ्यापाशी आल्यावर हे म्हणाले, "ठराव कसा मांडायचा ते शिकवू का तुला?" मी म्हटलं, आधी म्हशीला पेंड घाला. त्यांनी घातली. लग्नाला अडतीस वर्षं झाली भाऊजी, चेअरमन होते तेव्हाही मला त्यांचा कधी एवढा अभिमान वाटला नव्हता. त्यांना हे सांगू नका, लगेच सभा घेतील.

मलिकाभाभींना नमस्कार सांगा. मतदान २३ तारखेला आहे.

चांगुणा शेलार


हिंगणमळा, २ मार्च

प्रिय अल्लाबक्ष,

निकाल तुला फोनवर कळलाच आहे. होय, तो फोन मी स्वतः उचलला होता, तू उगाच तमन्नाला आश्चर्य म्हणून सांगू नकोस. पण फोनवर सगळं बोलता आलं नाही, चांगुणा समोर बसली होती.

सहादेवच्या विरोधात पाच जणांनी अर्ज भरले होते. ते माघार घेणार हे गावाला पाठ होतं, दर वेळी घेतात. या वेळी एकानेही घेतली नाही. सगळे निवडून आले आणि सहादेव नऊ मतांनी पडला. काल संचालकांनी चांगुणाला चेअरमन केलं. तिने पहिल्याच सभेत ठरवलं की फॅट काढताना ज्याचं दूध त्याने मशीनसमोर उभं राहायचं. सभा अकरा मिनिटांत संपली. मला एवढी छोटी सभा कधी घेता आली नाही, खोटं कशाला बोलू. आज सकाळी आमच्या म्हशीला फॅट लागली.

गावातली पोरं मला सरसेनापती म्हणतात. पहिले दोन-चार दिवस जिवाला लागलं. आता ओ देतो.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. आज दुपारी सहादेव आला होता. चांगुणा संस्थेत होती, मी एकटाच होतो. त्याला खुर्ची दिली, चहा ठेवला. तो आधी उन्हाबद्दल बोलला, मग उसाच्या तोडीबद्दल बोलला. मी वाट बघत होतो. दोन वर्षं त्याला काय काय सुनवायचं ते मी मनात घोळवून ठेवलं होतं, आणि आज तो आपल्या पायाने घरात आला होता. मग त्याच्या शर्टाकडे लक्ष गेलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि दिवसभरात जायला कुठेच नाही. मी खुर्ची गेल्यावर पहिले सहा महिने असाच शर्ट घालून घरात बसायचो.

चहा संपवून तो खाली बघत म्हणाला, "तुमचं ते सैन्य... त्यात जागा असती का एखांदी?"

मी त्याचा फोन घेतला आणि खेळ घालून दिला. त्याच्या अर्जाला शिफारस मागितली नाही, प्रलंबितही ठेवला नाही. तिथल्या तिथे माझं पद त्याच्या नावावर केलं. तुला याचा राग येईल, पण तुला घर आहे, नात आहे, तुझं तिथे काही काम नव्हतं.

मग त्याच्या फोनवर आतून तुतारी वाजली आणि अक्षरं आली, 'महाराज, आपले स्वागत असो. प्रजा आपली वाट पाहत आहे.' सहादेवने चटकन फोन मांडीवर ठेवला, दोन्ही हात जोडले आणि त्या पडद्याला म्हणाला, "नमस्कार, नमस्कार, बसा." मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने माझ्याकडे चोरून पाहिलं.

मी हसलो नाही अल्लाबक्ष. पहिल्या दिवशी मी तर खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

तुझा,
गोरक्ष